क्लच पेडल स्पंजी झालंय? ब्लीडिंग घरी करा, पण आधी लीक शोधा

पेडल मऊ लागतंय, रिव्हर्स टाकताना खरखर होतेय आणि दोन-तीनदा पंप केलं की मगच गियर नीट पडतो, म्हणजे हायड्रॉलिक (पेडलचा दाब फ्लुइडने पोहोचवणाऱ्या) क्लचच्या लाईनमध्ये हवा असण्याची शक्यता जास्त. ती हवा बाहेर काढणं म्हणजेच ब्लीडिंग. हवा दाबली जाते, फ्लुइड दाबलं जात नाही, म्हणून पेडल खाली जातं पण क्लच पूर्ण सुटत नाही.

पण ही हवा आली कुठून? हे आधी बघा, प्लीज. पेडलच्या वर मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर फ्लुइड ढकलणाऱ्या सिलिंडरचा) रॉड जिथून आत येतो तिथे बोट फिरवा, ओलं लागलं तर सील गेलंय. स्लेव्ह सिलिंडरचं (त्या फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचं) रबर बूट उचलून बघा, तो गियरबॉक्सच्या आत असेल तर बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गियरबॉक्समधल्या कव्हरखाली) ठिपके दिसतील. लीक तशीच ठेवून ब्लीडिंग केलं तर पेडल पुन्हा मऊ होणारच.

फ्लुइड रिझर्व्हॉयरच्या (फ्लुइडच्या टाकीच्या) झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद बाटलीतलं, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. सिलिकॉनवालं डॉट ५ यात अजिबात मिसळू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. गाडी वर घेतली तर जॅकस्टँड लावल्याशिवाय खाली जायचं नाही.

निपलला (स्लेव्हकडच्या, हवा काढायच्या छोट्या स्क्रूला) रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक थोडं फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवलेलं. आतला माणूस पेडल हळू दाबून तळाशी धरून ठेवतो, तुम्ही निपल उघडायचं, बुडबुडे आले की बंद करायचं, आणि बंद झालं असं तुम्ही सांगितल्यावरच त्याने पाय सोडायचा, आधी सोडला तर निपलमधून हवा परत आत. पेडल वर येत नसेल तर हाताने उचला. बुडबुडे थांबेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करा. मधेमधे रिझर्व्हॉयर भरत राहा. बऱ्याच गाड्यांमध्ये तो ब्रेकसोबत एकच असतो, रिकामा झाला तर ब्रेकमध्येही हवा जाईल.

तरीही मऊच राहिलं तर सिरिंजने खालून, निपलमधून फ्लुइड हळू वर ढकला, हवा वरच जाते त्यामुळे हे खूपदा चालतं, फक्त आधी रिझर्व्हॉयरमधलं थोडं फ्लुइड काढून घ्या.

शेवटी हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून इंजिन चालू करा आणि रिव्हर्स टाकून बघा, आवाज न करता पडला की झालं. नंतर साधारण दर २ वर्षांनी फ्लुइड बदला, मधे काळपट दिसलं तर त्याआधीच.