परदेशी बँकेची एलसी बनावट निघाली तर तक्रार कशी मांडायची

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले एक व्यापारी मोबाईल घेऊन घरी आले. मी बँकेच्या फॉरेक्स, म्हणजे परकीय चलनाच्या, विभागातून निवृत्त झाले, तरी ओळखीची माणसं अजून विचारायला येतात. मोबाईलवर आखातातल्या बँकेच्या एलसीची, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिटची, पीडीएफ होती, शिक्का-सहीसकट. एलसी म्हणजे खरेदीदाराच्या वतीने विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी. सोबत निरोप : उद्या दुपारपर्यंत प्रोसेसिंग फी भरा. कागद खोटा वाटतो म्हटल्यावर ते म्हणाले, "मॅडम, बँक तिकडची, कागद तिकडचा. आपले पोलीस काय करणार?"

आधी हा समज काढून टाका. इंग्लंडने परदेशी हुंड्या आणि वचनचिठ्ठ्यांच्या बनावटीविरुद्ध १८०३ सालीच वेगळा कायदा केला होता. आपल्या जुन्या भारतीय दंड संहितेत १८९९ मध्ये खोट्या नोटांची कलमं आली, तेव्हा बँकनोटेच्या व्याख्येत जगाच्या कोणत्याही भागातली बँक धरली गेली. तरीही केरळमधल्या खोट्या डॉलरच्या खटल्यात उच्च न्यायालयाने ही कलमं भारतीय नोटांपुरतीच मानली. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तो निकाल फिरवला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

एलसी म्हणजे नोट नव्हे. तिला दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतली दस्तऐवजाची कलमं लागतात : ३३६ बनावटीचं, ३४० बनावट कागद खरा म्हणून वापरल्याचं. त्यांत कागद कुठल्या देशाचा याची अट नाही, आणि पीडीएफसुद्धा दस्तऐवजच.

आता कामाचं. खरी एलसी बँकेकडून बँकेला स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेश-यंत्रणेतून, येते आणि तुमची बँक तिची खातरजमा करून तुम्हाला कळवते. थेट ईमेलवर आली असेल तर आपल्या शाखेला पत्र द्या : 'या क्रमांकाची एलसी तुमच्याकडे आली आहे का?' उत्तर लेखीच घ्या. तोंडी 'नाही' तक्रारीला जोडता येत नाही.

मूळ ईमेल पुसू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही. कागद कुरियरने आला असेल तर पाकीट लेबलासकट ठेवा, कागदाला पंच मारू नका. आणि संशय आल्यावर तो कागद दाखवून कोणाकडून माल उधार उचलू नका. खोटा आहे हे माहीत असून वापरलात, तर ३४० तुम्हालाच लागेल.

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येतो, गुन्हा कुठे घडला यावरून परत पाठवता येत नाही. अर्जात कलमांची यादी नको. कोणत्या तारखेला, कुठल्या पत्त्यावरून काय आलं, काय मागितलं, एवढं क्रमाने लिहा.

त्या व्यापाऱ्यांनी फी भरली नव्हती, त्यामुळे तक्रार कशाला, असं त्यांचं मत होतं. मी सोबत जाऊन अर्ज द्यायला लावला. तीच पीडीएफ नाव बदलून शेजारच्या गाळ्यावर पोचायला किती वेळ लागतो?