भिंत दोघांची, काम एकाचं: आधी कागद करा

चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये मधली भिंत कॉमन असते, तिला हात लावायच्या आधी शेजारच्या काकांकडे जाऊन नीट बोला, प्लॅन दाखवा. मग त्यांच्या बाजूचे फोटो आणि व्हिडिओ काढा, जुने तडे तारखेसकट, कारण भांडणं सगळी "हा क्रॅक आधी नव्हता" यावरूनच होतात. ५०० च्या स्टॅम्प पेपरवर लिहा: काय काम, किती दिवस, नुकसान झालं तर कोण भरणार, दोन साक्षीदार. सोसायटीची एनओसी घ्याच. भिंत लोड बेअरिंग (म्हणजे वरचा भार पेलणारी) असेल तर लायसन्सवाल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हातोडा नको, कॉन्ट्रॅक्टर "काय नाय होत" म्हणणारच. पायपाची खाच त्यांच्या बाजूला फुटली तर प्लास्टर तुमच्या खर्चात.