वाय-फाय अडवणारी फ्रॅक्टल जाळी

खानापूर, निपाणीकडून प्रोजेक्टसाठी येणाऱ्या पोरांना मी आधी साधा चौकोनी लूपच काढायला लावतो. असे तांब्याचे लूप बोर्डावर ओळीनं शेजारी-शेजारी मांडले की वाय-फाय अडवणारी जाळी होते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२५ मिलिमीटर. लूपचा घेर साधारण तेवढाच, म्हणजे बाजू ३१. एफआर-४ (काचतंतूंच्या नेहमीच्या सर्किट) बोर्डावर त्याहून कमी.

आता प्रत्येक बाजूचा मधला तिसरा भाग काढून तिथं आत वळणारं त्रिकोणी टोक द्या, कॉखच्या फ्रॅक्टलसारखं (तोच आकार लहान होत पुन्हा पुन्हा येणारी आकृती). तांब्याची लांबी ४/३ पट होते, रेझोनन्स, म्हणजे लूप ज्या वारंवारितेला सगळ्यात जास्त अडवतो ती, खाली सरकतो. मग अख्खा लूप लहान करत तो परत २.४ वर आणा. पण लांबीच्या प्रमाणात आकार घटत नाही बघा, जवळजवळच्या वळणांतले प्रवाह एकमेकांचा परिणाम मारतात. हेच टोक प्रत्येक नव्या तुकड्यावर परत देता येतं, पण दुसऱ्या पायरीवर थांबा. सेल (जाळीतला एक लूप आणि त्याची जागा) लहान झाला की तिरक्या येणाऱ्या लहरींनाही जाळी नीट अडवते. मला हाच मोठा फायदा वाटतो.

सिम्युलेशन एकाच सेलचं, फ्लोके पोर्ट (तोच सेल चहूकडे पुन्हा पुन्हा येतो असं धरणारी सॉफ्टवेअरमधली सोय) लावून. फेरिक क्लोराईडनं घरीच बोर्ड करणार असाल तर रेघ अर्ध्या मिलिमीटरहून बारीक ठेवू नका.