नागपूर ते टोरंटो: अंतर आणि वेळ घरच्या घरी कशी काढायची

लेक टोरंटोला गेल्यापासून आमच्या धरमपेठेत ज्याचं पोर तिकडे निघालं तो मला विचारतो, "काकू, किती तास लागतात हो?" तिकिटावरच्या वेळांनी हमखास घोळ होतो. म्हणून शाळेत भूगोल शिकवायचे तसंच सांगते.

भिंतीवरचा नकाशा नको, पृथ्वीगोल घ्या. माझा बर्डीच्या बाजारातून आणलेला आहे. आधी विषुववृत्तावरून दोरा फिरवून मोजा. माझ्या गोलावर तो ६३ सेंटिमीटर भरतो. एवढ्यात ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण ६३५. आता एक टोक नागपूरवर, दुसरं टोरंटोवर ठेवून दोरा घट्ट ताणा. नकाशा पाहून वाटतं, वाट युरोपावरून पश्चिमेला जाईल. पण दोरा सरळ उत्तरेला सरकतो! नागपूर ७९ अंश पूर्वेला, टोरंटो ७९ अंश पश्चिमेला. जवळजवळ पृथ्वीच्या पाठीमागे. म्हणून दोरा रशिया ओलांडून, आर्क्टिकवरून, ग्रीनलंडवरून खाली उतरतो. मोजा: पावणेवीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर.

दोरा दिल्लीला जवळजवळ चाटूनच जातो. त्यामुळे दिल्लीमार्गे गेलात तर फेरा पडत नाही: नागपूर-दिल्ली ८५५ अधिक दिल्ली-टोरंटो ११,६५० किलोमीटर. दोहामार्गे हजार-बाराशे किलोमीटर वाढतात.

वेळेसाठी ताशी ९०० किलोमीटर धरा. दिल्ली-टोरंटोचे तेरा तास झाले, त्यावर विमानाच्या चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. जाताना वरचे पश्चिमी वारे समोरून येतात, म्हणून आणखी तासभर. येताना तेच वारे मदत करतात. शिवाय दोऱ्याची वाट प्रत्येक विमानाला मोकळी नसते. २०२२ पासून रशियाचं आकाश कॅनडाच्या विमान कंपन्यांना बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना बंद केलं. तेव्हा तिकीट काढताना त्या विमानाचे उड्डाणाचे तास वेगळे पाहाच.

आता तिकिटावरचे आकडे. समजा, दिल्लीहून रात्री २ ला सुटून टोरंटोला त्याच तारखेला सकाळी ७ ला पोहोचता. पाच तास? नाही. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं. पाच अधिक साडेदहा, साडेपंधरा तास. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊचा. औषधाच्या गोळ्यांची वेळ लावताना हे फार लागतं.

सोनेगावच्या विमानतळावर दोन तास आधी पोहोचणं, दिल्लीपर्यंतचे पावणेदोन तास, तिथे थांबण्याचे चार-पाच तास, वरचे साडेपंधरा, हे सगळं धरलं की घरातून निघून लेकीच्या दारात जायला सव्वीस तास सहज.

आणि घरच्यांना सांगून ठेवा: हिवाळ्यात सकाळी ७ ला उतरलात तरी नागपुरात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. पासपोर्टची रांग, सामान, हे आटोपून फोन येईल तो दिवेलागणीनंतर, साडेसातच्या सुमारास. तोवर काळजी करू नका.