सोशल मीडियावरच्या प्रायव्हसीची तुलना करताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मंडळांचे ग्रुप जागे होतात आणि कोणीतरी हमखास लिहितं, "दादा, टेलिग्रामवर जाऊया, ते जास्त सेफ आहे." इथेच पहिली चूक होते. टेलिग्रामवरचे नेहमीचे चॅट कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कंपनीलाही मेसेज वाचता येऊ नये अशी सोय, फक्त 'सीक्रेट चॅट'ला असतं आणि ते चॅट दोघांतच होतं, ग्रुपला ती सोयच नाही. व्हॉट्सॲपवर मात्र २०१६ पासून ते आपोआप चालू आहे, ग्रुपलाही.

म्हणून टेलिग्राम टाकाऊ ठरत नाही. तिथे आपला नंबर कोणालाच दिसू नये असं सेटिंग करता येतं. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपात तो सहसा सगळ्यांना दिसतो. ढोल-ताशा पथकातल्या मुलींचे नंबर अनोळखी लोकांकडे जाऊ नयेत ही काळजी असेल, तर हा फरक मोठा आहे. तेव्हा तुलना करण्याआधी ठरवा, लपवायचंय ते कंपनीपासून की ग्रुपातल्या परक्या माणसापासून?

दुसरी चूक बॅकअपची. ती ओळखायची खूण सोपी आहे: नवा फोन घेतला, गूगल खातं जोडलं आणि बॅकअपसाठी वेगळा पासवर्ड किंवा पासकी (फोनच्या लॉकने किंवा बोटाच्या ठशाने उघडणारी चावी) न मागता व्हॉट्सॲपचे जुने मेसेज परत आले. याचा अर्थ मेसेजला कुलूप होतं, बॅकअपला नव्हतं. सेटिंग्जमध्ये 'चॅट्स', मग 'चॅट बॅकअप' उघडा आणि 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करा. ही सोय २०२१ मध्ये आली, तरी कित्येकांनी ती उघडूनही पाहिलेली नाही. पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा. तो विसरलात आणि फोनही गेला, तर कंपनीलासुद्धा बॅकअप उघडता येत नाही.

तिसरी चूक मला सगळ्यात घातक वाटते: फक्त आपलं खातं बघणं. नवरात्रात मुलगी गरब्याला जाते. तिचं फेसबुक प्रोफाइल लॉक, इन्स्टाग्राम प्रायव्हेट. आत्या मात्र कौतुकाने तिचा चनिया-चोळीतला फोटो 'पब्लिक' ठेवून टाकते, वर गरब्याच्या मैदानाचं नावही लिहिते. मुलीचं लॉक आत्याच्या पोस्टला लागू होत नाही. फेसबुकवर 'टाइमलाइन रिव्ह्यू' चालू केलंत तर तो फोटो मुलीच्या प्रोफाइलवर परवानगीशिवाय येणार नाही, पण आत्याच्या भिंतीवर राहणारच. उपाय एकच, "आत्या, तेवढं फ्रेंड्सपुरतं करा ना" असं सरळ सांगणं. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांमधून ते लगेच होतं.

दुसऱ्याच्या हातून आपली माहिती किती जाते, हे केम्ब्रिज ॲनालिटिका प्रकरणात दिसलं. या राजकीय सल्लागार कंपनीकडे फेसबुकवरच्या लोकांची माहिती एका ॲपमधून गेली होती. २०१८ मध्ये फेसबुकने सांगितलं की भारतात ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. माहिती गेली असण्याची शक्यता ५ लाख ६२ हजारांहून अधिक जणांची होती. बाकीचे सगळे त्यांचे मित्र!

फेसबुक, मेसेंजर, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप ही सगळी मेटा कंपनीची. पण कंपनी एक म्हणून नियमही एकच, असं समजून चालू नका. मेसेंजरवरच्या खासगी चॅटला डिसेंबर २०२३ पासून मेटाने आपोआप एन्क्रिप्शन द्यायला सुरुवात केली. इन्स्टाग्रामच्या नेहमीच्या मेसेजना ते आपोआप मिळालं नाही. आधार कार्डाचा फोटो तिथे पाठवू नका.

बॅनरसाठी फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवता? त्यात जागेची नोंद तशीच जाऊ शकते. घरी काढलेला फोटो एचडीत पाठवा, व्हॉट्सॲप ती नोंद काढून टाकतं.

आजाराचे रिपोर्ट, पैशांचे व्यवहार यांसाठी मी 'सिग्नल' हे मेसेजिंग ॲपच सुचवेन. २०१६ मध्ये अमेरिकेत कायदेशीर मागणी आली तेव्हा त्यांच्याकडे द्यायला खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच होतं.

राहिला नंबर. २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून अधिक खात्यांची माहिती उघड्यावर आली. ती कॉन्टॅक्ट शोधण्याच्या सोयीतून आधीच खरवडून नेलेली होती. फेसबुकवर 'नंबरवरून मला कोण शोधू शकतं' हे 'ओन्ली मी' करा, सिग्नलवर 'नोबडी'. आईबाबांच्या फोनवरही आजच करून द्या.