लोकसंगीताच्या उन्हाळी शिबिराला जाताय? या चुका टाळा

नोकरी आणि घर सांभाळून काढलेली एका आठवड्याची सुट्टी वाया जाऊ नये, म्हणून आपण शिबिराचा प्रत्येक तास भरून टाकतो. पहिल्या वर्षी मी पाच वर्ग घेतले आणि परतलो तेव्हा एकही धून सलग वाजवता येत नव्हती. आता दोनच घेतो: एक वाद्याचा, एक गाण्याचा. मधल्या तासात सावलीत बसून सकाळची धून घोळवत राहतो. माझं बरंचसं शिकणं त्याच तासात होतं.

कागदाचा आधार शोधणं

सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते इथे. अशा शिबिरांत बहुधा कानानं शिकवतात: शिक्षक एक ओळ वाजवतात, आपण ती परत वाजवायची. स्वरलिपीची सवय असलेला माणूस इथे घाबरतो आणि लगेच बोटं चालवायला लागतो. तसं करू नका. वाद्य मांडीवर आडवं ठेवा आणि ओळ आधी गुणगुणा. तोंडात न बसलेली ओळ बोटांत उतरत नाही. मग ती कुठल्या सुरावर थांबते ते पकडा, ठोक्यावर येणारे सूर पकडा. मुरक्या आणि अलंकार राहू द्या. धुनेचा आराखडा कळला तर काम निम्मं होतं. आयरिश किंवा स्कॉटिश नाचाच्या कितीतरी धुना दोन भागांच्या असतात. प्रत्येक भाग आठ मापांचा (माप म्हणजे ठराविक ठोक्यांचा एक छोटा गट) आणि दोनदा वाजणारा, म्हणजे एकूण ३२ मापं. याचा अर्थ नवीन शिकायची असतात फक्त सोळा, आणि त्यातही ओळी पुन्हा पुन्हा येतात.

ध्वनिमुद्रण जरूर करा, पण शिक्षकांना विचारून. अख्खा तास टिपलेल्या फाइली पुढे कोणी ऐकत नाही. वर्ग संपताना धून एकदा संथ आणि एकदा नेहमीच्या लयीत वाजवायची विनंती करा, तेवढंच टिपा आणि लगेच नाव द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न ऐकता धून आठवून पाहा, अडलं तरच ऐका.

हातांना गृहीत धरणं

घरी रोज अर्धा तास वाजवणारे हात शिबिरात एकदम पाच-सहा तास राबतात. तिसऱ्या दिवशी मनगट ठणकतं, अंगठा भरून येतो. जायच्या तीन-चार आठवडे आधीपासून रियाज थोडा थोडा वाढवा. शिबिरात दर अर्ध्या तासानं हात खाली सोडा. बोटांच्या टोकांची आग समजण्यासारखी आहे. मुंग्या, बधिरपणा किंवा सांध्यात कळ आली तर त्या दिवशी वाद्य पेटीत ठेवा आणि वर्गात बसून नुसतं ऐका.

वाद्य गाडीत ठेवणं

उन्हात उभ्या बंद गाडीत पारा ५० अंशांच्या वर सहज जातो. व्हायोलिनसारख्या वाद्यांचे सांधे पारंपरिक सरसानं जोडलेले असतात आणि तो साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. जेवायला जाताना वाद्य बरोबर घ्या. उकाड्यात तारा प्रसरण पावून उतरतात, दमट हवेत डफाचं कातडं ढिलं पडतं, म्हणून सावलीतून उन्हात आलात की सूर पुन्हा तपासा. सोबत अकॉर्डियन असेल तर सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं, कारण त्याचे सूर बसल्या जागी बदलता येत नाहीत.

रात्रीच्या वर्तुळात घाई

रात्री सगळे गोल करून बसतात. धून येत नसेल तर पहिल्या फेरीत फक्त ऐका, दुसऱ्यांदा आधारसूर धरा, तिसऱ्यांदा जमतील तेवढे सूर अगदी हळू वाजवा. शेजारच्याचं वाद्य ऐकू येत नसेल तर आपण जोरात वाजवतोय असं समजा. ताल देणाऱ्यांनी आणखी जपायचं: वर्तुळात तालवाद्य आधीच असेल तर दुसरं काढण्याआधी विचारावं, कारण लय दोन ठिकाणी ओढली गेली की सगळ्यांचाच तोल जातो. स्वतः धून सुरू करणार असाल तर पूर्ण येणारीच घ्या, आणि तुम्हाला शेवटपर्यंत पेलेल त्याच लयीत.