स्कॉटलंडच्या जनगणनेत कष्टकरी कुटुंब कसे वाचावे

एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश घराचा शोध १८४१ च्या जनगणनेपासून सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वर्षी पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचच्या पटीत खाली आणून लिहिली गेली आणि नाते नोंदवलेच नाही. त्यामुळे वीस वर्षांची स्त्री त्या घरची मुलगी की सून, हे ठरवता येत नाही. १८५१ पासून नाते, वैवाहिक स्थिती व जन्माचा पॅरिश (चर्चच्या व्यवस्थेतील स्थानिक विभाग) मिळू लागतो. १८६१ ची जनगणना स्कॉटलंडच्या स्वतःच्या रजिस्ट्रार जनरलने, म्हणजे नोंदणी खात्याच्या प्रमुखाने, प्रथमच केली आणि तिच्यात खिडकी असलेल्या खोल्यांचा रकाना आला. सुरुवात तेथून करावी.

समजा, त्या जनगणनेतील, स्कॉटलंडच्या डंडी शहरातील एका घराची नोंद समोर आहे: नवरा मजूर, बायको, बारा, नऊ व चार वर्षांची तीन मुले, शिवाय दोन भाडेकरू, आणि शेवटच्या रकान्यात खोली एक. नावे उतरवून घेण्याआधी या एका आकड्यापाशी थांबावे, कारण सात माणसांचे स्वयंपाकपाणी, झोपणे आणि आजारपण हे सारे त्याच खोलीत होत होते. भाडेकरू का ठेवले, याचे उत्तरही बहुधा तेथेच सापडते. बारा वर्षांची मुलगी तागाच्या गिरणीत असेल, तर कारखाना कायद्यानुसार तिचा अर्धा दिवस कामाचा आणि अर्धा शाळेचा असे. म्हणून धंद्याच्या रकान्यात काय लिहिले आहे आणि शाळेत जाणारी मुले किती दाखवली आहेत, हे दोन्ही ताडून पाहावे. बायकोच्या नावापुढील जागा रिकामी असली, तरी ती कमावत नव्हती असे मानू नये; भाडेकरूंचे धुणे आणि जेवण यांसारखी विवाहित स्त्रियांची कामे पुष्कळदा नोंदवलीच जात नसत.

जन्मस्थळे मुलांच्या वयांच्या क्रमाने वाचावीत. थोरली दोन आयर्लंडमधील आणि धाकटे डंडीतील असेल, तर कुटुंब कधी स्थलांतरित झाले याचा काळ पाच वर्षांच्या आत येतो. एखादा मुलगा यादीत नसेल, तर तो वारला असा निष्कर्ष काढू नये. नोंद ७ एप्रिल १८६१ च्या रात्री घरी असलेल्यांची आहे, आणि तो जहाजावर किंवा दुसऱ्याच्या घरी चाकरीला असू शकतो. आपण पाहतो ती प्रत प्रगणकाने कुटुंबांच्या मूळ अर्जांवरून उतरवलेली असते, म्हणून आडनावाची इतर स्पेलिंगेही तपासावीत.

पुढचा दुवा चार वर्षांच्या मुलाकडून मिळतो. नागरी नोंदणी, म्हणजे जन्म, विवाह व मृत्यूंची सरकारी नोंद, १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली असल्याने त्याचा जन्मदाखला स्कॉटलंड्सपीपल या संकेतस्थळावर शोधता येतो, आणि जनगणनेत सहसा न सापडणारे आईचे माहेरचे आडनाव त्यात असते.